परवाना हातात, जागा फुटपट्टीबाहेर

२०२५ च्या जुलैअखेर न्यूयॉर्क राज्याच्या गांजा नियमन कार्यालयाने दीडशेच्या आसपास परवानाधारकांना आणि अर्जदारांना कळवलं की तुमची जागा शाळेच्या फार जवळ आहे. कायद्याने गांजाचं दुकान शाळेच्या आवारापासून ५०० फुटांच्या आत चालत नाही. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे हे अंतर आवाराच्या हद्दीपासून मोजायचं होतं, कार्यालय मात्र पहिल्यापासून ते शाळेच्या दारापासून मोजत आलं होतं. मॅनहॅटनमध्ये शाळेचं दार एका रस्त्यावर आणि मागची भिंत पलीकडच्या रस्त्यावर असू शकते. दारापासून सहाशे फूट भरणारी जागा भिंतीपासून चारशेच भरते. यांतली साठेक दुकानं चालू होती. गिऱ्हाईक येत होतं, कर भरला जात होता आणि ‘जागा नियमात बसते’ असा शेरा याच कार्यालयाने मारलेला होता. गव्हर्नर कॅथी होकुल यांनी चूक सरकारचीच असल्याचं उघडपणे मान्य केलं. काही दुकानदार न्यायालयात गेले.

घोटाळा कारकुनी वाटतो, पण तो जिथे झाला ती जागा महत्त्वाची आहे. अमेरिकेत गेली आठ-नऊ वर्षं ‘सोशल इक्विटी’ नावाने जे कार्यक्रम चालू आहेत, त्यांचं यशापयश बहुतेक वेळा अशाच फुटांवर, हद्दींवर आणि भाडेकरारांवर ठरलं आहे. चर्चा मात्र परवान्यांत कोणाला किती टक्के वाटा, याच्यावरच होते.

कार्यक्रमांमागची कल्पना सरळ आहे. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मतदानाने प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. आता अशी चोवीस राज्यं आहेत. बंदीच्या काळात ज्यांना पकडलं गेलं त्यांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतले लोक फार. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांना साडेतीन पटींहून जास्त होती, आणि ओढण्याचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच होतं. बाजार खुला झाल्यावर पहिली दुकानं थाटली ती भांडवलवाल्यांनी. ज्या मालासाठी एकाने तुरुंग भोगला, तोच माल दुसरा काचेच्या कपाटात मांडून विकू लागला. म्हणून परवान्यांचा काही वाटा बंदीची झळ बसलेल्यांना द्यायचा, असं शहरांनी आणि राज्यांनी ठरवलं.

झळ कोणाला बसली, हे ओळखायचं कसं? इथेच पहिला नकाशा येतो. वंश बघून सरकारी परवाना देणं अमेरिकेच्या राज्यघटनेत टिकणं अवघड आहे. कॅलिफोर्नियात तर १९९६ च्या प्रस्ताव २०९ नंतर नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटांतही सरकारला वंश बघता येत नाही. त्यामुळे जे थेट विचारता येत नव्हतं ते पत्त्यावरून विचारलं गेलं.

सुरुवात ओकलंडने केली. २०१५ मध्ये या शहरात गांजाच्या गुन्ह्यांत पकडलेल्यांपैकी ७७ टक्के कृष्णवर्णीय होते आणि ४ टक्के गोरे. लोकसंख्येत मात्र दोघांचा वाटा साधारण सारखा होता. २०१७ च्या मार्चमध्ये नगर परिषदेने देशातला पहिला इक्विटी परवाना कार्यक्रम मंजूर केला. अर्जदार ओकलंडचा रहिवासी हवा, त्याचं उत्पन्न शहराच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त नको. शिवाय एकतर १९९६ च्या नोव्हेंबरनंतर शहरात गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली हवी, नाहीतर ठरावीक २१ पोलीस बीटांमध्ये गेल्या वीसपैकी दहा वर्षं वास्तव्य हवं. मला या नियमातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते ती पोलीस बीटची. जिथे पोलिसांनी जास्त धरपकड केली तीच हद्द भरपाईसाठी धरली, मधे दुसरा निकष घातला नाही. पहिल्या टप्प्यात निम्मे परवाने या अर्जदारांना द्यायचे होते.

इलिनॉयने २०१९ च्या कायद्यात हेच काम जनगणनेच्या छोट्या विभागांवर सोपवलं. ज्या विभागात गांजाच्या अटका आणि शिक्षा जास्त, आणि शिवाय गरिबी वीस टक्क्यांवर, किंवा शाळेत मोफत जेवण घेणारी मुलं पंचाहत्तर टक्क्यांवर, किंवा बेरोजगारी देशाच्या सरासरीच्या सव्वापटीजवळ, तो ‘विशेष झळ बसलेला’ विभाग. तिथे गेल्या दहापैकी पाच वर्षं राहिलेल्यांच्या हातात धंद्याची ५१ टक्के मालकी असली की अर्जदार पात्र. मेरीलँडने २०२३ मध्ये पिनकोडचा हिशेब लावला. गांजा बाळगल्याच्या खटल्यांचं दहा वर्षांचं प्रमाण ज्या भागात राज्याच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त, तिथे पाच वर्षं राहिलेला किंवा तिथल्या सरकारी शाळेत पाच वर्षं शिकलेला माणूस पात्र. त्यात आणखी एक वाट होती. ज्या विद्यापीठात किमान ४० टक्के विद्यार्थी गरिबांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीला पात्र असतात, तिथे शिकलेलाही चालेल. या वाटेने कितीतरी असे लोक आत येऊ शकतात ज्यांच्या घरावर पोलिसांची कधी थापही पडली नसेल.

पत्त्यावरून भरपाई ठरवण्यातली मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. माणसं हलतात, नकाशा हलत नाही. १९८० मध्ये ओकलंडची जवळपास निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. २०२० पर्यंत हा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास आला. घरभाडी वाढली, जुने रहिवासी अँटिऑक, स्टॉकटन अशा लांबच्या गावांत गेले. ज्याने १९९० च्या दशकात पूर्व ओकलंडमध्ये मार खाल्ला आणि जो आज साठ मैलांवर राहतो, त्याला ‘ओकलंडचा रहिवासी’ या पहिल्याच अटीत बाद व्हावं लागतं. धरपकडीनंतर महागडा फ्लॅट घेऊन आलेला संगणकतज्ज्ञ कालांतराने वास्तव्याच्या अटीत बसू शकतो. उत्पन्नाची मर्यादा त्याला अडवते, पण पात्र माणसाला आत आणणं तिच्या हातात नाही.

रहिवासाची अट फार कडक केली तर न्यायालय अडवतं. डेट्रॉइटने २०२० मध्ये ‘लेगसी डेट्रॉइटर’ अशी वर्गवारी केली. गेल्या तीसपैकी पंधरा वर्षं शहरात राहिलेल्यांना प्राधान्य, गरीब असल्यास तेरा आणि गांजाची शिक्षा झालेली असल्यास दहा वर्षं पुरे. २०२१ च्या जूनमध्ये केंद्रीय न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनी त्याला स्थगिती दिली. न्यूयॉर्कमध्ये तर एका कंपनीने, आमच्या मालकाची शिक्षा मिशिगनमधली आहे म्हणून आम्हाला डावललं, असा दावा केला. २०२२ च्या नोव्हेंबरपासून राज्याच्या पाच विभागांतले परवाने त्यामुळे अडकले. ब्रुकलिन त्यात होतं. तडजोड पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटलं की राज्यांमधल्या व्यापारात आडकाठी आणू नये हे घटनेचं तत्त्व गांजालाही लागू आहे. ज्या मालाचा राज्याराज्यांतला व्यापार केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, त्याच व्यापाराचं घटनात्मक रक्षण न्यायालय करतं. मला हा निकाल तर्काने बरोबर आणि व्यवहारात विचित्र वाटतो, पण तो आहे.

आता दुसरा नकाशा. हा भूतकाळाबद्दल काही विचारत नाही. उद्या दुकान कुठे उभं राहील, एवढंच तो सांगतो.

त्याची मुळं बंदीच्याच काळातली आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, शाळेपासून १,००० फुटांच्या आत अमली पदार्थ विकणाऱ्याला दुप्पट शिक्षेची तरतूद केली. राज्यांनी तीच उचलली, न्यू जर्सीने १९८७ मध्ये. हेतू मुलांना जपण्याचा. पण भूमितीने वेगळंच केलं. एका बिंदूभोवती हजार फूट त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते ७२ एकर व्यापतं. दाट वस्तीच्या जुन्या शहरात शाळा जवळजवळ असतात, वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि शहरच वर्तुळात जातं. न्यू जर्सीच्या शिक्षाविषयक आयोगाने २००५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा नेवार्क शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा क्षेत्रात येत होता. या गुन्ह्याखाली तुरुंगात असलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. ऐसपैस उपनगरातल्या गोऱ्या मुलाने तोच गुन्हा केला तर तो बहुधा वर्तुळाबाहेर असे. २०१० मध्ये कायदा बदलून न्यायाधीशांना शिक्षा कमी करण्याची मुभा दिली गेली.

म्हणजे भरपाईच्या कार्यक्रमाने शाळेभोवतीचं वर्तुळ वारशाने घेतलं. पूर्वी या वर्तुळात सापडलं की शिक्षा दुप्पट व्हायची, आता त्याच वर्तुळात दुकान काढता येत नाही. फुटांचा आकडा काही ठिकाणी कमी केला एवढंच. कॅलिफोर्नियात राज्याचा नियम ६०० फुटांचा, तो स्थानिक सरकार बदलू शकतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ५००, न्यूयॉर्कमध्ये शाळेपासून ५०० आणि प्रार्थनास्थळापासून २००, डेन्व्हरमध्ये अजूनही १,०००. लॉस एंजेलिसने ७०० फुटांची यादी शाळांपुरती ठेवली नाही. बागा, वाचनालयं, पाळणाघरं, व्यसनमुक्ती केंद्रं हेही तिच्यात घातलं. ही ठिकाणं गरीब, दाट वस्तीत कुठे असतात? सगळीकडे. व्यसनमुक्ती केंद्र तर श्रीमंतांच्या टेकडीवर सहसा उघडतच नाही. ज्या वस्त्या पहिल्या नकाशात ‘झळ बसलेल्या’ म्हणून रंगवल्या, त्याच दुसऱ्या नकाशात सगळ्यात जास्त खोडल्या गेल्या.

दुकानाला दुकानापासून दूर ठेवण्याचा नियम वेगळा बघायला हवा. त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही, आणि माझ्या मते इक्विटी अर्जदारांना सर्वांत जास्त मारतो तो हाच. इलिनॉयमध्ये दोन दुकानांत १,५०० फूट हवेत. बॉस्टनने अर्धा मैल ठेवला. एका दुकानाभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ म्हणजे पाचशे एकर. न्यूयॉर्कमध्ये वीस हजार किंवा जास्त वस्तीच्या गावात १,००० फूट आणि लहान गावात २,०००. युक्तिवाद असा की एकाच गल्लीत गर्दी नको. पण वर्तुळ आखतो कोण? जो आधी पोचला तो. इलिनॉयमध्ये प्रौढांसाठी विक्री सुरू झाली १ जानेवारी २०२० ला, तेव्हा दुकानं होती ती वैद्यकीय गांजावाल्या जुन्या कंपन्यांची. त्यांना शिवाय दुसऱ्या जागेवर आणखी एक दुकान काढायची मुभा मिळाली. शिकागोतल्या सुरुवातीच्या अकरा दुकानांत कृष्णवर्णीय मालकाचं एकही नव्हतं. नगर परिषदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी विक्री सहा महिने पुढे ढकलावी म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये ठराव आणला. तो २९ विरुद्ध १९ मतांनी पडला.

ते सहा महिने खरोखर किती महत्त्वाचे होते हे पुढे दिसलं. इक्विटीच्या पहिल्या ७५ परवान्यांसाठी गुणांकन झालं आणि सप्टेंबर २०२० मध्ये कळलं की पूर्ण गुण मिळवणारे अर्जदार अवघे एकवीस आहेत. खटले झाले. २०२१ मध्ये कायदा बदलून आणखी ११० परवाने सोडतीने काढले गेले आणि एकूण संख्या १८५ वर गेली. त्यावरही न्यायालयाची स्थगिती आली. शिकागोत इक्विटी परवान्यावरची पहिली दुकानं उघडली २०२२ च्या अखेरीस. जुन्या कंपन्यांनी तोवर जवळजवळ तीन वर्षं धंदा केला होता, मोक्याच्या जागा घेतल्या होत्या, आणि प्रत्येक जागेभोवती दीड हजार फुटांचं कुंपण कायद्याने फुकट दिलं होतं. नव्या परवानाधारकाला जागा शोधायला १८० दिवस. मुदती पुन्हापुन्हा वाढवाव्या लागल्या. शिकागोने शहराच्या मध्यभागातला मोठा पट्टा आधी पूर्ण बंद ठेवला होता, तो २०२१ च्या सप्टेंबरमध्ये थोडा आक्रसला. शिवाय प्रत्येक दुकानाला झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेत काय चालेल या नियमांच्या, अपील मंडळाची खास परवानगी आणि शेजाऱ्यांची सभा.

जागा सापडली तरी ती मिळेलच असं नाही. केंद्राच्या कायद्याने ही बाजारपेठ मान्य केलेली नाही, त्यामुळे बँका हात आखडता घेतात. ज्या इमारतीवर कर्ज आहे तिच्या मालकाला गांजाचा भाडेकरू घेतला तर बँक कर्ज मागे घेईल ही भीती. मग उरतात कर्ज नसलेल्या इमारती आणि धोका पत्करायला तयार असलेले मालक. ते भाडं त्या धोक्याच्या हिशेबाने लावतात. झोनिंगमधून गाळून, शाळांची वर्तुळं वजा करून, जुन्या दुकानांची वर्तुळं वजा करून जे मोजके गाळे उरतात, त्यांच्या मालकाला हे गणित अर्जदाराच्या आधी कळलेलं असतं. अंतराच्या नियमाचा पहिला लाभार्थी शाळकरी मुलगा असतो की नाही, मला शंका आहे. घरमालक नक्की असतो.

हे सगळं एकाच दिवशी बघायचं असेल तर ३ सप्टेंबर २०१९ चं लॉस एंजेलिस. शहराने इक्विटी अर्जदारांसाठी शंभर किरकोळ परवाने खुले केले. पहिला येईल त्याचा पहिला नंबर, अर्ज संगणकावर. अट अशी की अर्ज करतानाच जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा हातात हवा. अर्थ उघड आहे. परवाना मिळेल की नाही माहीत नाही, पण महिन्याचं भाडं चालू. शेकडो लोकांनी असे करार केले, त्यांतल्या बहुतेकांकडे स्वतःचे पैसे नव्हते म्हणून गुंतवणूकदार गाठले. गुंतवणूकदारांनी कागदावर ५१ टक्के अर्जदाराचे ठेवले आणि उरलेल्या अटी आपल्या लिहिल्या. सोडत नव्हे, शर्यत होती. काही मिनिटांत ती संपली. पुढे तपासणीत निघालं की काही अर्जदारांना ठरल्या वेळेच्या आधीच प्रणालीत शिरता आलं होतं. ज्यांचा नंबर लागला नाही ते रिकाम्या गाळ्यांचं भाडं भरत बसले. न्यायाच्या नावाने गरिबाला कर्जात ढकलण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. शहराने धडा घेतला तो उशिरा. २०२२ च्या डिसेंबरमधल्या सोडतीत जागा आधी दाखवण्याची अट नव्हती.

ओकलंडने ही अडचण आधीच ओळखली होती आणि तोडगा काढला होता. जो सामान्य अर्जदार एखाद्या इक्विटी अर्जदाराला किमान १,००० चौरस फूट जागा तीन वर्षं बिनभाड्याने देईल, त्याचा अर्ज पुढे सरकेल. कागदावर छान. प्रत्यक्षात कोणी गोदामाचा कोपरा दिला, कोणी वीज-पाणी नसलेली खोली दिली, आणि तीन वर्षं संपली की पाहुण्याला घराबाहेर काढायची तारीख करारातच होती. आश्रित माणूस मालकाशी भाडं वाटाघाटीने ठरवू शकत नाही. तरीही ज्या शहरांनी काहीच केलं नाही त्यांच्यापेक्षा ओकलंड पुढे होतं, हेही नोंदवायला हवं.

न्यूयॉर्कने सरकारलाच दलाल केलं. २०२१ च्या कायद्यात निम्मे परवाने इक्विटीला द्यायचं उद्दिष्ट आहे. पहिल्या फेरीत गांजाची शिक्षा भोगलेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना परवाने, आणि त्यांच्यासाठी दुकानं राज्याची वसतिगृह-बांधकाम संस्था शोधून, सजवून देणार. त्यासाठी २० कोटी डॉलरचा निधी. पहिली कायदेशीर विक्री २९ डिसेंबर २०२२ ला मॅनहॅटनमध्ये झाली, ती हाउसिंग वर्क्स या एचआयव्हीबाधितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या दुकानात. ठरलेल्या दीडशे दुकानांच्या मानाने संस्थेने उभी केलेली दुकानं फार थोडी निघाली, आणि त्यांच्यावरचं कर्ज जड होतं. त्याच काळात शहरात हजाराच्या वर बेकायदा दुकानं उघडली. त्यांना ना शाळेचं अंतर लागू होतं, ना एकमेकांचं. पुढची फेरी २०२३ च्या शरदात आली तेव्हा राज्याने अर्जदारांच्या दोन रांगा केल्या. १७ नोव्हेंबरपर्यंत जागा ताब्यात असलेल्यांची एक रांग, जागा नसलेल्यांची डिसेंबरची दुसरी. पहिली रांग आधी. मग पुन्हा तेच: रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत नंबराची वाट बघणं. लॉस एंजेलिसची चूक चार वर्षांनी, पुरेशा माहितीनिशी, देशाच्या दुसऱ्या टोकाला.

गावाला सरळ ‘आमच्याकडे नको’ म्हणण्याचा अधिकार दिला की नकाशा आणखी आक्रसतो. न्यू जर्सीने २०२१ च्या फेब्रुवारीत कायदा केला आणि गावांना ऑगस्टपर्यंत नकार द्यायची मुदत दिली. ५६५ पैकी साधारण चारशे गावांनी नकार दिला. (या राज्यात मराठी कुटुंबं भरपूर आहेत, त्या उन्हाळ्यात त्यांच्याही गावांच्या सभांत हा विषय आला असणार.) नकार देणाऱ्यांत श्रीमंत उपनगरं होती, हो म्हणणाऱ्यांत जुनी, दाट शहरं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर गावाबरोबर करार केल्याशिवाय परवानाच नाही, आणि ज्याच्या सहीवर जागा अडते तो सहीची किंमत लावतो. फॉल रिव्हरचे माजी महापौर जॅसिएल कोरिया यांना गांजाच्या धंदेवाल्यांकडून खंडणी उकळल्याबद्दल २०२१ मध्ये दोषी ठरवलं गेलं, सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर २०२२ मध्ये राज्याने या करारांवर लगाम घातला.

एक उलटा नियमही आहे. कनेक्टिकटने २०२१ च्या कायद्यात सांगितलं की झळ बसलेल्या विभागातच लागवडीचा कारखाना काढणाऱ्या इक्विटी अर्जदाराला सोडतीत उतरावं लागणार नाही. तीन महिन्यांची खिडकी, फी ३० लाख डॉलर. हेतू असा की नोकऱ्या आणि पैसा त्याच वस्तीत यावा. पण जिच्यावर अन्याय झाला त्या वस्तीला कारखाना द्यायचा, आणि ३० लाख भरू शकणारा भागीदार बाहेरून आणायचा, यातून वस्तीच्या हाती काय राहतं ते करार वाचल्यावरच कळेल. शिवाय अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांतले धर्मगुरू आणि म्हातारी माणसं विचारतात, दारूची दुकानं आमच्याकडे, सावकारी पेढ्या आमच्याकडे, आता गांजाही आमच्याकडेच का? लॉस एंजेलिसने याच भीतीने दर दहा हजार वस्तीमागे एक दुकान अशी मर्यादा घातली. या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. वस्तीत दुकान येऊ नये असं म्हणणाऱ्यांना दुकानाची मालकी वस्तीबाहेर जावी असं वाटत नसतं. नियम मात्र दोन्ही एकच धरतात.

अंतर मोजण्याचा हा खेळ आपल्याला नवा नाही. गांजा आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने बंद आहे, पण दारूच्या दुकानांचं अंतर आपण मोजत आलोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी पुढे ते २२० मीटर केलं. मग काही राज्यांनी शहरांतले रस्तेच महामार्गांच्या यादीतून काढून पालिकांकडे सोपवायला घेतले. महाराष्ट्रातही जळगावसारख्या शहरात त्यावरून गदारोळ झाला. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने दारापर्यंतची वाट वळणावळणाची बांधून चालण्याचं अंतर वाढवून दाखवलं. २०१७ च्या जुलैत न्यायालयाने पालिका हद्दीतली दुकानं त्यातून सोडवली. फरक एवढाच की आपल्याकडे रस्त्याचं नाव बदलायला किंवा वळणं बांधायला जुने, पैसेवाले मालक होते. अमेरिकेत फुटांच्या कैचीत सापडलेला माणूस नवा होता आणि त्याच्याकडे रस्त्याचं नाव बदलण्याची ताकद नव्हती.

मग चांगला नियम कसा दिसतो? मेरीलँड जवळ गेलं आहे. तिथे २०२४ च्या मार्चमधली सोडत फक्त इक्विटी अर्जदारांसाठी होती, परवाने जिल्हावार ठरलेले होते, आणि अर्ज करताना जागा दाखवायची नव्हती. त्याच वर्षी राज्याने कायदा करून स्थानिक सरकारांना बजावलं की दारूच्या दुकानापेक्षा कडक झोनिंग गांजाच्या दुकानाला लावायचं नाही. शाळेपासून ५०० फूट आणि दुकानांमध्ये १,००० फूट तिथेही आहेतच. पैशाची अडचण तिथेही आहे. पण परवाना नसताना भाडं भरत बसण्याची वेळ अर्जदारावर कायद्याने आणली नाही, आणि ‘हो’ म्हणून नंतर झोनिंगने गळा आवळण्याची मुभा जिल्ह्याला ठेवली नाही.

वर्तुळं मुळीच नकोत असं मी म्हणणार नाही. शाळेच्या फाटकासमोर दुकान नको, हे पालकाला समजावून सांगायची गरज नाही. पण पाचशे आणि हजार यांतला फरक दुप्पट नसतो, क्षेत्रफळात तो चौपट असतो, आणि ती तीन पट जादा जागा कोणाच्या वस्तीतून वजा होते हे नियम करण्याआधी नकाशावर बघता येतं. दुकानादुकानांतलं अंतर पहिल्या काही वर्षांत इक्विटी परवान्यांना माफ करता येतं. सरकारी मालकीचे गाळे आधी त्यांना देता येतात. यातलं काहीही अवघड नाही. फक्त जो आधीपासून गल्लीत बसला आहे त्याला ते आवडत नाही.

पुढच्या वेळी एखादं राज्य निम्मे परवाने झळ बसलेल्यांना देणार असल्याची बातमी वाचाल, तेव्हा टक्केवारीवर थांबू नका. अर्जाच्या कोणत्या टप्प्यावर भाडेकरार मागितला आहे, अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं आहे आणि जुन्या दुकानांना किती महिने आधी सोडलं आहे, ते शोधा. परवाने शेवटी कोणाच्या हातात जाणार, हे बहुतेक वेळा त्या तीन उत्तरांत लिहिलेलं असतं.